किल्लीवालीला आई नव्हती

दातांच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या माणसाला चेहरे दिसत नाहीत. तोंडं दिसतात, तीही प्लास्टरची. दवाखान्यातून माप यायचं, त्यावरून प्लास्टरची हिरडी तयार व्हायची आणि थोरली त्यावर मेण चढवून एकेक दात बसवायची. ती कवळी ज्याच्या तोंडात जाणार तो माणूस हसरा की खडूस, हे तिला कधी कळायचं नाही. क्वचित एखादा डॉक्टर पेशंटचा तरुणपणीचा फोटो पाठवायचा. 'बाईंना हेच हसू परत हवंय' असं वर लिहिलेलं असायचं. मग थोरली तो फोटो टेबलावर उभा करून ते गेलेलं हसू मेणात शोधत बसायची. या कामात तिचा हात धरणारं त्या लॅबमध्ये दुसरं कोणी नव्हतं. बोलण्याच्या बाबतीत मात्र सगळा आनंद होता. धाकटी बहीण गेल्यापासून ती कामापुरतं बोलायची आणि काम संपलं की तेवढंही नाही.

शेजारच्या टेबलावरच्या पॉलिशवालीचं बरोबर उलटं. मशीनची घरघर चालू असली तरी तिच्या तोंडाचा पट्टा त्याच्या वर चालायचा. जेवणाच्या सुट्टीत तिने आपला फोन थोरलीच्या डब्याला टेकवून उभा केला.

"हा बघ माझा डॉक्टर. आहे की नाही देखणा? एक नंबरचा लबाड आहे."

"हा तर सिनेमातला तो–"

"चेहरा त्याचा. माणूस माझा."

थोरलीला काही कळेना. मग पॉलिशवालीने सगळं समजावून सांगितलं. फोनमध्ये एक गाव होतं. त्यात खरं कोणी राहत नव्हतं, पण कितीतरी जण रोज जाऊन यायचे. प्रत्येकाने एक माणूस मनाने रचायचा आणि त्याच्या तोंडून बोलायचं. कोणी गावचा डॉक्टर, कोणी न्हावी, कोणी पळून आलेली नवरी. तो काय बोलला, कुठे गेला, कोणाशी भांडला हे लिहायचं, त्याला दुसऱ्याने आपल्या माणसाच्या तोंडून उत्तर द्यायचं. गोष्ट अशी पुढे चालायची. आणि गावात शिरायचं तर चेहरा लावावा लागायचा.

"ओळखीचा चेहरा हं. नुसतं 'उंच, करारी' लिहिलं की प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे वेगळाच कोणीतरी येतो. चेहरा लावला की भांडण मिटलं. एक चेहरा एकालाच मिळतो. आणि जिवंत माणसाचाच लावायचा."

"जिवंतच का?"

"अगं, मागे एकीने लावलेला नट खरोखर वारला. त्याच दिवशी गावात त्याचं लग्न ठरलेलं. लग्न लावायचं की रडायचं, कोणाला कळेना. तेव्हापासून नियम आहे. माणूस गेला की चेहरा उतरवायचा."

बोलता बोलता ती अंगठ्याने गावातली माणसं वर सरकवत होती. थोरली डब्याचं झाकण लावत होती. ती एकदम म्हणाली, "थांब. मागे घे."

पडद्यावर धाकटी हसत होती.

नाकावर पिवळ्या रंगाचा फटकारा, हातात ब्रश, वरचा उजवा सुळा शेजारच्या दातापेक्षा जरासा पुढे. तो दात थोरलीने हजारातून ओळखला असता. लहानपणी त्याच्यावरून चिडवल्याबद्दल मारही खाल्ला होता.

"ही? ही किल्लीवाली," पॉलिशवाली म्हणाली. "कसलंही कुलूप उघडते. चेहरा त्या रंगाच्या जाहिरातीतल्या पोरीचा. बघितली असशील, दुकानांच्या शटरवर असायची."

चेहऱ्याच्या कडेला एक हिरवा ठिपका होता आणि खाली लिहिलं होतं, 'किल्लीवाली आत्ता गावात आहे'.

थोरलीने फोन जवळ ओढला. आपण कोणाची बहीण आहोत हे लॅबमध्ये तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तिथे एक फोटोग्राफर चष्मा न्यायला आला आणि तिचं तोंड घेऊन गेला. मग शहरातल्या प्रत्येक रंगाच्या दुकानावर ती दिसू लागली. चेहरा सगळ्यांना पाठ, नाव कोणालाच ठाऊक नाही. त्यामुळे ती गेल्याचंही कोणाला कळलं नाही. साधं ऑपरेशन होतं. ते बिघडलं. धुरकट काचेच्या दाराबाहेर आई आणि थोरली बाकावर बसून राहिल्या. आत कोणाला सोडत नव्हते. दार उघडलं तेव्हा सांगण्यासारखं एकच वाक्य उरलं होतं. त्यानंतर घरात धाकटीचं नाव कोणी काढलं नाही. दोघी बायका त्या नावाला वळसा घालून स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आणि बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात जात येत राहिल्या.

आता शहाण्या माणसाने काय करावं? गावच्या कारभाऱ्यांना कळवावं, हा चेहरा मेलेल्या मुलीचा आहे, उतरवा. दोन ओळींचं काम. पण बहीण समोर हसत असताना आणि कडेला तो हिरवा ठिपका लुकलुकत असताना शहाणपण सुचतं असं ज्याला वाटतं, त्याने खुशाल वाटून घ्यावं.

थोरली दुसऱ्याच दिवशी गावात दाखल झाली. शिंपीण म्हणून. चेहरा लावला तो पूर्वी टीव्हीवर बातम्या द्यायच्या त्या एका निवृत्त बाईंचा. त्या जिवंत आहेत ना, याची तिने पुन्हा पुन्हा खात्री करून घेतली. धाकटीबद्दल मात्र तोंडातून ब्र काढला नाही.

शिंपिणीने घर घेतलं ते किल्लीवालीच्या शेजारी. पहिल्या दिवशी तिने लिहिलं, 'शिंपिणीच्या पेटीची किल्ली हरवली आहे. ती शेजारच्या दारावर टकटक करते.'

चेहऱ्याखाली तीन ठिपके हलू लागले. पलीकडे कोणीतरी लिहीत होतं. मग उमटलं, 'किल्लीवालीने दार उघडलं. म्हणाली, या ताई. पेटीत काय दडवलंय ते आधी सांगा, मग उघडते.'

'ताई' हा शब्द थोरलीने किती वेळ वाचला कोण जाणे. सुरीवरचं मेण टपकून टेबलावर घट्ट झालं.

किल्लीवालीच्या तोंडून लिहिणारी एक बाई होती. शाळेची बस चालवायची. सकाळी मुलं शाळेत सोडली की दुपारपर्यंत बस झाडाखाली उभी करून ती मागच्या एका सीटवर पाय पसरून लिहीत बसायची. गावाबाहेर, दोघींपुरत्या गप्पा मारायचीही सोय होती. तिथे बसवालीने हे सगळं स्वतःहून सांगितलं. "आमच्या डेपोसमोर रंगाचं दुकान होतं. शटरवर ती पोरगी. रोज बघायचे. वाटायचं, हिच्यापुढे कुठलंच कुलूप टिकायचं नाही. म्हणून किल्लीवाली केली. आई ना बाप. एका कुलपं करणाऱ्याच्या दारात कोणीतरी सोडून गेलेली."

"आई नाही?" थोरलीने विचारलं.

"नाही. आई असली की गोष्टीत फार लुडबुड करते," बसवालीने लिहिलं, आणि पुढे हसण्याचं चित्र टाकलं.

रोजची चटक लागली. थोरली सकाळी कामावर जाताना, दुपारी लॅबमध्ये, घरी भाजी चिरताना शिंपीण व्हायची. आईच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"कोण आहे गं तो?" आईने एकदा विचारलं.

"कोण तो?"

"फोनमधला. हसतेस ना त्याच्याशी."

"आई, या वयात?"

"वयाचं काय घेऊन बसलीस? त्याचे दात पडलेले असले तर तू बसवून देशील."

थोरली खूप दिवसांनी खळखळून हसली. हसता हसता तिला रडू फुटेल असं वाटलं म्हणून ती पातेलं घेऊन मोरीत गेली. आईला सांगावं असं तिच्या मनात आलं नाही असं नाही. पण सांगायचं काय? तुझी मेलेली मुलगी रोज दुपारी मला ताई म्हणते, असं?

बसवाली छान लिहायची, पण किल्लीवाली कधी कधी फार पुस्तकी बोलायची. 'मला एकांत हवा आहे' वगैरे. थोरलीला ते सहन होईना. तिने बसवालीला सुचवलं, "ती असं नाही म्हणणार. ती म्हणेल, जा गं, डोकं नको खाऊ." बसवालीला ते फार आवडलं. मग थोरलीचा हात सैल सुटला. किल्लीवाली रागावली की आधी हसते. चहा बशीत ओतून गार होईपर्यंत विसरते. कोणी रडायला लागलं की त्याच्या पाठीवर थाप न मारता कान ओढते. एकेक करून थोरलीने सगळं दिलं. बसवाली म्हणायची, "तुम्हाला ती माझ्यापेक्षा जास्त कळलीये."

पुढे फोटो. बसवालीकडे जाहिरातीतलेच होते, सगळ्यांत नाकावर तोच पिवळा फटकारा. बिचारीला रडायचं असलं तरी नाक पिवळं. "दुसरे फोटो कुठे मिळतच नाहीत हिचे," बसवाली कुरकुरली. थोरलीने दोन दिवस दम धरला. तिसऱ्या दिवशी एक पाठवला. धाकटी दुकानाच्या पायरीवर, ऊन डोळ्यांवर आलेलं. "मला सापडला एके ठिकाणी," तिने लिहिलं. मग आणखी एक सापडला, मग आणखी. गॅलरीत ओले केस पुसणारी धाकटी. उशीत तोंड खुपसून झोपलेली धाकटी. हे असे फोटो कुठल्या जाहिरातीत सापडतात, हे बसवालीने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. पण फुकट मिळणाऱ्या गोष्टीचं मूळ कोण शोधत बसतं!

गावातली किल्लीवाली आता हुबेहूब धाकटी झाली. आणि मग ती न शिकवलेलं बोलू लागली.

शिंपिणीला ताप आलेला होता. गोष्टीत. थोरली एका कवळीचे पुढचे दात जुळवत होती, फोन शेजारी उघडा होता. पडद्यावर उमटलं, 'किल्लीवाली काही न बोलता ताईच्या पांघरुणात शिरली आणि आपले गार पाय तिच्या पोटऱ्यांना टेकवले.'

थोरलीच्या हातातून दात निसटला. लहानपणापासून मोठेपणापर्यंत, एका गादीवर झोपायच्या तोवर, धाकटी नेमकं हेच करायची. ओरडलं तरी करायची. हे थोरलीने बसवालीला सांगितलेलं नव्हतं. कोणालाच सांगितलेलं नव्हतं. तिने टेबलाखाली हात घालून आपल्या पोटऱ्या चोळल्या. त्या गार पडल्या होत्या.

"हे कुठून आणलंत?" तिने विचारलं.

"कुठून म्हणजे? सुचलं," बसवालीने लिहिलं. "का हो?"

"काही नाही."

त्या दिवसापासून तिला भीती वाटू लागली आणि त्या भीतीशिवाय करमेनासंही झालं. रस्त्यात रंगाच्या दुकानाचं शटर दिसलं की ती मान खाली घालायची. ऊन खाऊन त्यावरचा चेहरा पांढुरका झाला होता, डोळे जवळजवळ पुसले गेले होते. फोनमधली मात्र दिवसेंदिवस टवटवीत होत चालली होती. आपण हिला पोसतोय, असं थोरलीच्या मनात यायचं. थांबावं असंही यायचं. पण हिरवा ठिपका लागला की बोटं आपोआप पळायची.

थांबायचं नाव काढलं ते बसवालीने.

"हसू नका," तिने एका सकाळी लिहिलं. "मुलं उतरली की मी आरशात मागच्या सीटा बघते, कोणी झोपून राहिलंय का. रोजचं काम आहे ते. हल्ली शेवटच्या सीटवर ती दिसते. ओले केस घेऊन बसलेली. वळून बघितलं की नसते. काल एक मूल खरंच झोपलेलं होतं आणि मी आरशात बघितलंच नाही, भीतीने. तशीच दार लावून खाली उतरले. पोर बसमध्ये अर्धा तास एकटं. रडून रडून आवाज बसला होता त्याचा. नशीब थोर. नाहीतर नोकरी गेली असती, जाऊ दे, पण त्या पोराचं काय झालं असतं? मी किल्लीवालीला संपवतेय. येत्या रविवारी दुपारी."

थोरलीने खूप विनवलं. परगावी पाठवा, लग्न करून द्या, भांडण लावून घर सोडायला लावा. बसवाली ऐकेना. "गेली तर परत येईल. मला माहितीये. मेली तरच सुटेन मी." आणि मग लिहिलं, "सोबतीला तुम्ही बसाल ना? तुमच्याइतकं तिचं कोणी नाही."

ही त्या गावाची रीत होती. तिथे कोणी एकटं मरत नसे. ज्याचं माणूस जायचं, त्याने आधी सांगायचं, आणि दुसऱ्या कोणीतरी त्याच्या उशाशी बसून शेवटपर्यंत लिहायचं. गाव सगळं खोटं, पण ही रीत कोणी मोडत नसे. खऱ्या जगात धुरकट काचेच्या दाराआड जे धाकटीला मिळालं नव्हतं, ते या खोट्या गावात तिला मिळणार होतं. त्यासाठी तिने फक्त पुन्हा मरायचं होतं. नाही म्हणावं तर ती दुसऱ्या कोणाच्या तरी सोबतीने जाणार. खरं सांगावं तर चेहरा लगेच उतरणार. कसंही केलं तरी बहीण जाणार होती. थोरलीने शेवटी लिहिलं, "बसते."

रविवारी जेवणं झाल्यावर ती आतल्या खोलीत पलंगावर भिंतीला टेकून बसली. सगळं गाव जमलं होतं. पॉलिशवालीचा लबाड डॉक्टर नाडी धरून उभा होता आणि त्यातल्या त्यात भाव खात होता. बसवालीने शेवटासाठी थोरलीनेच दिलेला फोटो लावला, गॅलरीतला, ओल्या केसांचा. खाली लिहिलं, 'किल्लीवालीने डोळे उघडले. विचारलं, ताई आली का?'

'आले,' थोरलीने लिहिलं. 'इथेच आहे.'

'बाहेर अजून कोण आहे?'

थोरलीला पुढे लिहवेना. अक्षरं धूसर झाली. तेवढ्यात आई चहाचा कप घेऊन आत आली. तो ठेवायला वाकली आणि तिची नजर पडद्यावर गेली.

आई तशीच वाकलेली राहिली.

"हा फोटो मी काढलाय," ती म्हणाली. "डोक्यावरून न्हायली होती त्या दिवशी. कपडे वाळत घालायला गेले होते मी." मग पलंगावर बसली. "हा तिथे कसा?"

थोरलीने सगळं सांगितलं. गाव, चेहरे, बसवाली, पाठवलेले फोटो, गार पाय. ओढून काढल्यासारखं एकेक वाक्य. पडद्यावर गावकरी विचारत होते, शिंपीण कुठे गेली, शिंपीण गप्प का.

"म्हणजे ती बाई धाकटीसारखं बोलते," आई म्हणाली.

"हो."

"आणि आता ती मरणार आहे."

"हो, आई."

"परत?"

आईने पदराने चष्मा पुसला, नीट बसवला आणि हात पुढे केला.

"दे इकडे तो फोन."

आई एका बोटाने लिहायची. प्रत्येक अक्षर शोधून, दाबून, उमटलं का ते बघून. गाव वाट बघत होतं. शेवटी उमटलं, 'ऊठ. चप्पल घाल. आपण घरी जाऊ. मी आई.'

"आई, असं करायचं नसतं!" थोरली म्हणाली. "दुसऱ्याच्या माणसाला आपण उठवायचं नसतं. ज्याचं त्याने लिहायचं. तो नियमच आहे तिथला."

"त्यांचा असेल," आई म्हणाली.

गावात एकच गोंधळ उडाला. किल्लीवालीला आई कुठून आली? आई कोणी लिहिली? दुसऱ्याच्या माणसाला हात लावला, कारभाऱ्यांना बोलवा. डॉक्टरने तर ठणकावून सांगितलं की रोग्याला हलवायची त्याने परवानगी दिलेली नाही. बसवालीचा निरोप मात्र दोघींच्या खासगी जागेत आला. "हे काय आहे? किल्लीवालीला आई नाही."

"आहे," थोरलीने लिहिलं. आणि सुरुवात झालीच आहे तर म्हणून पुढचंही लिहिलं. "चेहरा माझ्या धाकट्या बहिणीचा आहे. ती चार वर्षांपूर्वी गेली. आत्ता लिहिलं ते आमच्या आईने."

तीन ठिपके हलले. थांबले. पुन्हा हलले, पुन्हा थांबले. आई डोळ्यांची पापणी न लववता त्यांच्याकडे बघत होती. चहावर साय धरली. मग गावात, सगळ्यांसमोर, उमटलं.

'किल्लीवाली उठून बसली. पायांनी खाटेखालच्या चपला चाचपल्या. डॉक्टर काहीतरी म्हणाले, तिने ऐकलं नाही. आईचा हात धरून ती दाराबाहेर गेली.'

त्यानंतर तो चेहरा गावातून नाहीसा झाला. त्या जागी नुसतं करडं वर्तुळ राहिलं.

"निघाली," आई म्हणाली आणि गार चहा स्वतःच पिऊन टाकला.

संध्याकाळी बसवालीने लिहिलं, "आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही चेहरा उतरवला असता."

"उतरवलाच असता."

"म्हणून नाही सांगितलं."

मग आलं, "मी रागावले नाही असं नाही. मला वेड लागलंय असं वाटत होतं मला, महिनाभर. पण ते जाऊ दे. आता तिला तुमच्या आईने नेलंय. नेलेलं माणूस मी माझ्याकडे कसं ठेवू? तिचं खातं तुमच्या नावे करतेय. फोटो, बोलणं, सगळं. मला आता ते उघडायचं नाही." खाली पासवर्ड होता.

आईने दुसऱ्या दिवशी सकाळी आपला फोन पुढे केला. "यावर दे ते टाकून."

"आई, ती आता त्या गावात नाही."

"माहितीये. मीच आणलं ना तिला? गावाचं नाही विचारत मी. तिच्याशी बोलता येतं ते दे."

थोरलीने आईकडे बघितलं. आईच्या चेहऱ्यावर काही वेडंवाकडं नव्हतं. बाजारात निघालेल्या बाईसारखी ती घाईत होती. थोरलीने आईचं वेगळं खातं काढून दिलं टाकून.

दुपारी लॅबमध्ये, मेण तापवायचा दिवा पेटवला आणि फोन थरथरला. किल्लीवालीच्या खात्यावर आईचा निरोप होता. 'पोचलीस का?'

थोरली ते दोन शब्द बघत राहिली. तिने खातं उघडलं म्हणून आता किल्लीवालीच्या नावाशेजारी हिरवा ठिपका लागला असणार, आणि घरी बाहेरच्या खोलीत आई तो बघत असणार. उत्तर द्यायला दुसरं कोणी नव्हतं. तिने बोटाचं मेण पुसलं आणि लिहिलं, 'पोचले.'

आई रोज लिहू लागली. 'जेवलीस का', 'केस ओले ठेवू नकोस', 'आज पाणी उशिरा आलं'. थोरली उत्तरं द्यायची. 'जा गं, डोकं नको खाऊ' असंही एकदा लिहिलं. त्या दिवशी घरी गेली तेव्हा आई भांडी घासताना गुणगुणत होती. चार वर्षांत त्या घरात कोणी गुणगुणलं नव्हतं. आई नीट जेवू लागली. जिन्यावरच्या बायकांशी भांडूही लागली. थोरलीला बरं वाटायला हवं होतं.

एका दुपारी तिला राहवलं नाही. तिने शिंपिणीच्या खात्यावरून किल्लीवालीला लिहिलं, 'आहेस का?' लगेच तिच्याच तळहातात फोन थरथरला, 'आहेस का?' तिने तो टेबलावर पालथा ठेवला. तीन ठिपके आता तिच्यासाठी कधी हलणार नव्हते. धाकटी जे काही बोलेल ते आधी थोरलीला ठाऊक असणार होतं. गार पाय कोणी न सांगता टेकवायला येणार नव्हतं. बहीण तिच्या हाती आली होती आणि तिच्यापुरती मुकी झाली होती. हे सांगायचं कोणाला? ज्या एका माणसाला सांगता आलं असतं, त्याच माणसाला तर ती रोज धाकटी होऊन उत्तरं देत होती.

घरी ती आणखी गप्प झाली. आई ताट वाढायची, तिच्याकडे बघायची, काय झालं ते विचारून बघायची. फोन पदराखाली घेऊन बाहेरच्या खोलीत जाऊन बसायची.

नंतरच्या आठवड्यात लॅबमध्ये एका बाईंच्या कवळीचं काम आलं. सोबत तरुणपणीचा फोटो, हसरा. थोरलीने तो उभा केला आणि दात जुळवायला घेतले. वरचा उजवा सुळा तिने सवयीने सरळ बसवला, मग थांबून पुन्हा फोटो पाहिला. तेवढ्यात फोन थरथरला. आईचा निरोप लांबलचक होता. एका बोटाने लिहायला तिला तासभर तरी लागला असेल.

'तुझी ताई हल्ली फार गप्प असते. काल डबा तसाच परत आणला. मला काही सांगत नाही, मी विचारलं तर उठून जाते. तुझ्यावर तिचा पहिल्यापासून जीव. तुझं ऐकेल. तू तिच्याशी जरा बोलत जा.'

पॉलिशवालीचं मशीन घरघरत होतं. थोरलीने निरोप पुन्हा वाचला. आई हे कोणाला लिहीत होती ते तिला कळेना. मग कळलं, धाकटीच्या नावाने आई तिलाच लिहीत होती, आणि ते सुरुवातीपासून तसंच असेल का, असं तिच्या मनात आलं. पलीकडे आई हिरव्या ठिपक्याकडे बघत बसली होती. थोरलीने 'बोलते' असं लिहिलं आणि पाठवून दिलं.